जर्मनीत येताय? मग चर्चची ओळख आधी करून घ्या

महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल कामगारांचा करार केला, तेव्हापासून त्या राज्याच्या राजधानीकडे, स्टुटगार्टकडे निघालेल्या मुलामुलींचे फोन मला येतात. घर, बँक, विमा यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतील. मी चर्चबद्दल सांगतो, कारण तुम्ही हिंदू असा, बौद्ध असा की नास्तिक, इथे चर्च तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटतं, आणि तेही सरकारी कार्यालयात.

पत्ता नोंदवायला, म्हणजे आनमेल्डुंगला गेलात की फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. जातीच्या दाखल्यासारखं काही असेल असं वाटून बिचकू नका. तो रकाना कराचा आहे. कॅथलिक किंवा इव्हँजेलिकल (म्हणजे इथले प्रोटेस्टंट) असं लिहिलंत, की पगारातून चर्चकर कापला जातो. इथे बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये आणि बायर्नमध्ये (म्हणजे बव्हेरियात) तो आयकराच्या 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. पगाराच्या नव्हे, आयकराच्या! महिन्याला 600 युरो आयकर जात असेल तर त्यावर आणखी 48 युरो. हिंदूंनी, बौद्धांनी 'कोणताही नाही' या खुणेवर समाधान मानावं. तिथे श्रद्धेची चौकशी नसते, तुम्ही करवसुली करणाऱ्या संस्थेचे सभासद आहात का एवढंच त्यांना हवं असतं.

वसईच्या, गोव्याच्या किंवा अहिल्यानगरकडच्या ख्रिस्ती मंडळींनी मात्र हा परिच्छेद दोनदा वाचावा. बाप्तिस्मा झालेला असेल आणि राहणं इथे असेल, तर चर्चच्या हिशेबी तुम्ही सभासद आहात. पैसे वाचवायला खोटं लिहू नका, पुढे लग्नाच्या किंवा बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी कागद मागतात. कर नको असेल तर रीतसर बाहेर पडता येतं. इथे त्यासाठी श्टांडेसआम्टला (जन्म-विवाह नोंदणी कार्यालयात), नॉर्डऱ्हाईन-वेस्टफालेनमध्ये न्यायालयात जावं लागतं. पण 2012 च्या बिशपांच्या आदेशानुसार बाहेर पडलेल्या कॅथलिकाला कम्युनियन (मिस्सेतला पवित्र प्रसाद) मिळत नाही, कुणाचा धर्मपिता होता येत नाही. गावी आई रोज रोझरी म्हणत असेल, तर निर्णय घ्यायच्या आधी तिच्याशी बोला. चर्चने हे असं कराशी जोडावं, हे मला आजही खटकतं.

'हा देश सेक्युलर ना?' हा प्रश्न हमखास येतो. आहे, पण फ्रान्ससारखा नाही. जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेने सरकारी चर्च राहणार नाही असं ठरवलं आणि त्याच कलमात चर्चना सार्वजनिक संस्थेचा दर्जा व कर घेण्याचा हक्कही दिला. ती कलमं 1949 च्या मूलभूत कायद्यात (म्हणजे आजच्या राज्यघटनेत) 140 व्या कलमाने जशीच्या तशी आली. कर वसूल सरकारी वित्त कार्यालय करतं आणि त्याचा मोबदला कापून घेतं. हा दर्जा केवळ ख्रिस्ती मंडळींचा नाही. ज्यू समाजांना तो आहे, आणि 2013 मध्ये हेसन राज्याने अहमदिया जमात या मुस्लिम पंथालाही दिला. म्हणजे साचा चर्चचा, पण नियम पाळले तर त्यात इतरांनाही जागा.

दुसरा अनुभव रविवारचा. दुकानं बंद, भिंतीला ड्रिल मारायचं नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत. दूध, कांदे, तांदूळ शनिवारीच आणा. अडलंच तर मोठं रेल्वे स्टेशन किंवा पेट्रोल पंप. रविवारच्या सुट्टीचा हुकूम सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली काढला होता, आणि आज ती सुट्टी राज्यघटनेत बसली आहे. बर्लिनने ख्रिसमसआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडी ठेवायला परवानगी दिली, तेव्हा चर्चं घटना न्यायालयात गेली आणि 2009 मध्ये जिंकली. गंमत अशी की आज रविवार वाचवायला चर्चइतकीच व्हेर्डी ही कामगार संघटना भांडते. दोन्ही मोठ्या चर्चचे सभासद मिळून लोकसंख्येच्या निम्मेही उरलेले नाहीत, तरी रविवार टिकून आहे. विश्रांतीचा हक्क म्हटलं की नास्तिकही त्याच रांगेत उभा राहतो. सुरुवातीला वैताग येईल, पण मुलं झाली की हाच नियम आवडायला लागतो.

नर्सिंगला येणाऱ्यांनी करार नीट वाचावा. कारिटास आणि डियाकोनी या चर्चच्या संस्था देशातल्या सर्वांत मोठ्या नोकरी देणाऱ्यांपैकी आहेत. हिंदू असल्याने नोकरी अडत नाही, पण चर्चला स्वतःचा कामगार कायदा आहे, नेहमीची कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती) तिथे नसते आणि संपावर मर्यादा असतात. कॅथलिक संस्थांनी 2022 मध्ये घटस्फोट, दुसरं लग्न अशा खासगी गोष्टींवरून कामावरून काढणं सोडून दिलं. चर्च सोडणाऱ्या सभासदाची नोकरी मात्र अजूनही धोक्यात येऊ शकते. बालवाड्याही बऱ्याच चर्चच्या. त्यात आपली मुलं खुशाल घाला. नोव्हेंबरात सेंट मार्टिनचे कंदील घेऊन मिरवतील, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. शाळेतल्या धर्मशिक्षणातून मुलाला लेखी कळवून वगळता येतं.

शेवटचं, मंडळाचे कार्यक्रम ठरवणाऱ्यांसाठी. इथे बाडेन-वुर्टेमबर्गमध्ये 12 सार्वजनिक सुट्ट्या, त्यांतल्या 9 ख्रिस्ती. दिवाळीला रजाच टाकावी लागते. आणि गुड फ्रायडेला सार्वजनिक नाचगाण्यावर बंदी असते. म्हणून गुढीपाडव्याच्या सुमाराचा हॉल घेताना ईस्टर कधी आहे ते आधी पाहा, नाहीतर लेझीम घरीच राहील. बायर्नमध्ये 1 नोव्हेंबरही 'शांत दिवस' असतो, आणि 2024 चं लक्ष्मीपूजन नेमकं त्याच तारखेला आलं होतं. तिकडच्या मंडळांनी सार्वजनिक कार्यक्रम पुढच्या शनिवारी ठेवावा आणि घरची पूजा घरी करावी, तिला कुणाची परवानगी लागत नाही.