शिमल्यातील हॉटेलचा मुक्काम : खोली ठरवण्यापासून खोली सोडेपर्यंत

शिमल्याच्या सहलीची आखणी करताना बहुतेक मराठी कुटुंबे खोलीची छायाचित्रे, नाश्त्याची यादी आणि भाडे एवढे पाहून हॉटेल ठरवतात. सपाट गावात तेवढे पुरते. शिमला मात्र सुमारे २,२०० मीटर उंचीवर, डोंगराच्या अरुंद धारेवर आणि तिच्या दोन्ही उतारांवर वसलेले शहर आहे, आणि तिथला मुक्काम सुखाचा होतो की त्रासाचा, हे मुख्यतः हॉटेल उताराच्या कोणत्या अंगाला आहे, गाडी दारापासून किती लांब थांबते आणि मधल्या पायऱ्या किती आहेत, यावर ठरते. गादी कितीही मऊ असली, तरी दोन जड बॅगा आणि गुडघ्यांनी बेजार झालेले आजोबा यांना घेऊन शंभर पायऱ्या चढाव्या लागल्या, की त्या गादीचे कौतुक कोणालाच उरत नाही.

आधी जागा, मग खोली

शहराची रचना डोक्यात पक्की असली, तर निम्मे काम होते. सर्वांत वर रिज हे मोकळे मैदान आणि त्याला लागून मॉल रोड, त्याखाली दाटीवाटीचा लोअर बाजार, आणि त्याच्याही खाली गाड्यांनी गजबजलेला कार्ट रोड. रिज आणि मॉल रोड पर्यटकांच्या वाहनांना बंद आहेत, आणि त्यांच्या आसपासच्या अनेक रस्त्यांवर परवाना असलेल्या गाड्यांनाच जाता येते. त्यामुळे ‘मॉल रोडपासून पाच मिनिटांवर’ असे वाचले, की ती पाच मिनिटे चढाची की उताराची, आणि आमची टॅक्सी नेमकी कुठे थांबेल, हे दोन प्रश्न हॉटेलला फोन करून विचारावेत. मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर राहू नये. त्यात एकमेकांना खेटून दिसणारी दोन हॉटेले प्रत्यक्षात दहा मजल्यांच्या उंचीने वेगळी असू शकतात.

कार्ट रोडवरून मॉलवर जाण्यासाठी हिमाचल पर्यटन विकास महामंडळाची लिफ्ट आहे. ती दोन टप्प्यांची असून तिकीट काढून वापरता येते. हंगामात तिच्यापुढे मोठी रांग लागते आणि रात्री ती बंद होते. हॉटेल कार्ट रोडवर असेल, तर ही लिफ्ट किती अंतरावर आहे हे विचारून ठेवावे, कारण वयस्क मंडळींचे संध्याकाळचे फिरणे त्यावरच अवलंबून राहते. रात्रीचे जेवण मॉलवर लांबले, तर परत उतरायला पायऱ्याच आहेत, हेही लक्षात असू द्यावे.

उतारावरच्या हॉटेलांची आणखी एक गंमत अशी, की रस्त्याच्या पातळीवर असलेले स्वागतकक्ष हा बऱ्याचदा इमारतीचा सर्वांत वरचा मजला असतो आणि खोल्या तिथून खाली उतरत जातात. ‘खोली तिसऱ्या मजल्यावर आहे’ याचा अर्थ तीन मजले खाली, असा निघू शकतो. म्हणून हॉटेलात लिफ्ट आहे का, एवढेच विचारून थांबू नये. ती आपल्या खोलीच्या मजल्यापर्यंत जाते का, हेही स्पष्ट विचारावे.

परिसराच्या निवडीबाबत माझे मत असे आहे. तरुण मंडळींनी रिजच्या जवळ, लक्कड बाजाराच्या बाजूला राहावे. गजबज हीच तिथली मजा आहे. ज्येष्ठ नागरिक किंवा लहान मुले बरोबर असतील, तर चौडा मैदान हा पश्चिमेकडचा भाग अधिक सोयीचा. तो तुलनेने शांत आहे, मॉल तिथून चालत गाठता येतो, आणि १८८८ मध्ये पूर्ण झालेले व्हाइसरॉयचे निवासस्थान, म्हणजे आजची भारतीय उच्च अध्ययन संस्था, जवळच आहे. याच बाजूला पीटरहॉफ हे सरकारी हॉटेल आहे. तिथली मूळ इमारत त्याआधी व्हाइसरॉयांचे निवासस्थान होती. पुढे तिथे पंजाब उच्च न्यायालय बसत असे आणि गांधीहत्या खटल्याचे अपील १९४९ मध्ये तिथेच चालले. ती वास्तू १९८१ च्या आगीत जळाली, त्यामुळे आज दिसते ते नंतरचे बांधकाम आहे. शहराबाहेरच्या मशोबरा आणि कुफरीकडची हॉटेले देवदारांच्या सावलीत, निवांत आणि बहुधा प्रशस्त असतात. पण तिथे राहून रोज मॉलवर यायचा बेत असेल, तर सुट्टीचा मोठा भाग गाड्यांच्या रांगेत जाईल.

ऊन हवे की हिमशिखरे

खोली निवडताना ‘व्ह्यू’ या शब्दाला आपण सहज भुलतो, आणि त्यासाठी जादा भाडेही आनंदाने देतो. शिमल्यात याचा हिशेब दिशेने करावा. बर्फाच्छादित शिखरांची रांग शहराच्या उत्तरेला दिसते. म्हणजे ती दाखवणारी खिडकी उत्तरेला उघडते आणि हिवाळ्यात त्या खोलीत ऊन जवळजवळ येत नाही. या उत्तर उताराच्या थंडीचा पुरावा लक्कड बाजाराखालीच आहे. १९२० पासून चालत आलेले तिथले स्केटिंगचे मैदान नैसर्गिक बर्फावर चालते. पाणी पसरून रात्रीच्या थंडीत गोठू देतात आणि डोंगराच्या सावलीमुळे ते टिकते. ज्या उतारावर बर्फ आपोआप जमतो, त्या उतारावरच्या खोलीत सकाळी आंघोळीला जाणे म्हणजे काय, याचा अंदाज मुंबईकराने आधीच बांधावा.

दक्षिणेच्या खोल्यांतून दरी, पायऱ्यापायऱ्यांची घरे आणि रात्री दिव्यांनी लुकलुकणारा उतार दिसतो, आणि सकाळी पलंगापर्यंत ऊन येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी निःशंकपणे दक्षिणेची खोली मागावी. शिखरे रिजवर उभे राहूनही दिसतात आणि त्यासाठी भाडे पडत नाही. मे-जूनमध्ये मात्र उत्तरेची खोली घेण्यास हरकत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दोन्हींकडून ढगच दिसतात, शिवाय दरडी कोसळून रस्ते बंद पडण्याची शक्यता असल्याने त्या काळात भाडे परत मिळण्याच्या अटी वाचल्याशिवाय आरक्षण करू नये.

खोली उबदार ठेवण्याची व्यवस्था काय आहे, हा हिवाळ्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. मोठ्या हॉटेलांत संपूर्ण इमारत उबदार ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा असते. मध्यम हॉटेलांत तेलाचा किंवा साधा विजेचा हीटर खोलीत आणून देतात आणि काही ठिकाणी त्याचे दर रात्रीचे वेगळे पैसे लावतात. ते भाड्यात धरले आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे. गरम पाणी चोवीस तास मिळते की ठरावीक वेळेत, आणि न्हाणीघरात गीझर विजेचा आहे की गॅसचा, हेही विचारावे. गॅसचा गीझर असल्यास न्हाणीघराला वारा खेळणारी खिडकी असलीच पाहिजे. कोणी प्रेमाने निखाऱ्यांची शेगडी खोलीत आणून दिली, तर हात शेकून ती बाहेर ठेवायला लावावी आणि दारे-खिडक्या बंद करून तिच्यासह कदापि झोपू नये. बंद खोलीत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि झोपेतच माणूस दगावतो.

भाड्याचा आकडा

हॉटेलवाले भाडे सांगताना ‘ईपी’, ‘सीपी’, ‘एमएपी’ आणि ‘एपी’ अशी आद्याक्षरे वापरतात. ईपी म्हणजे फक्त खोली, सीपी म्हणजे खोली आणि नाश्ता, एमएपीमध्ये नाश्त्याबरोबर एक वेळचे जेवण, आणि एपीमध्ये दोन्ही वेळचे. शिमल्यात दिवसा बाहेर फिरणे होते आणि अंधार पडल्यावर थंडीत पुन्हा पायऱ्या चढण्याचा उत्साह नसतो, म्हणून हिवाळ्यात एमएपी परवडते. उन्हाळ्यात सीपी पुरेसे आहे. नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या रात्री अनेक हॉटेले मेजवानीचे पैसे सक्तीने जोडतात, त्याची चौकशी आधीच करावी.

सप्टेंबर २०२५ पासून दर दिवशी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के आणि त्याहून महाग खोलीवर १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे ७,४०० आणि ७,६०० रुपयांच्या खोल्यांत वरवर दोनशेचा फरक दिसला, तरी प्रत्यक्षात तो बाराशे रुपयांच्या आसपास जातो. बिलात सेवाशुल्क आपोआप जोडलेले दिसले, तर ते काढून टाकण्यास सांगण्याचा ग्राहकाला अधिकार आहे; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ते ऐच्छिक आहे. चंडीगडहून गाडी केली असेल, तर गाडी उभी करण्याची जागा हॉटेलची आहे की लांबच्या सशुल्क पार्किंगमध्ये, आणि चालकाच्या झोपण्याची सोय होते का, हे दोन्ही मुद्दे भाडे ठरतानाच मिटवावेत. थंडीच्या रात्री चालकाला गाडीतच झोपावे लागले, तर दुसऱ्या दिवशी वळणांच्या रस्त्यावर आपण त्याच्याच हाती असतो.

पोहोचल्यावर

कालक्याहून येणारी १९०३ सालची छोटी रेल्वे ९६ किलोमीटरचा प्रवास पाच तासांहून अधिक वेळात करते. तिने येणे आनंदाचे आहे, पण स्थानकही मॉलच्या बरेच खाली आहे, याची नोंद ठेवावी. दिल्लीहून रात्रीच्या बसने निघालात, तर टूटीकंडीच्या बसस्थानकावर भल्या पहाटे उतराल आणि खोली मात्र दुपारी बारा किंवा दोन वाजता मिळेल. लवकर खोली मिळण्याची विनंती आदल्या दिवशी फोन करून करावी, आणि ती मान्य न झाल्यास निदान तोंड धुण्याची आणि सामान ठेवण्याची सोय मागावी. ती बहुधा कोणी नाकारत नाही.

चाकांच्या बॅगा पायऱ्यांवर निरुपयोगी ठरतात. गाडी थांबते तिथे बहुधा काश्मिरी कुली भेटतात. दोराने बांधून तीन-तीन बॅगा पाठीवर वाहणारी ही मंडळी हॉटेलचे नाव सांगताच चालू लागतात. नगाप्रमाणे किती, की सगळ्या सामानाचे मिळून किती, हे आधी बोलून घ्यावे आणि मग घासाघीस करू नये.

नोंदवहीसाठी प्रत्येक प्रौढाचे ओळखपत्र लागते. आधारची प्रत द्यायची असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत जवळ ठेवणे श्रेयस्कर. अमेरिका किंवा ब्रिटनचे पारपत्र असलेले नातलग बरोबर असतील, तर हॉटेलने चोवीस तासांच्या आत त्यांची माहिती सरकारकडे नोंदवणे बंधनकारक आहे. सर्वच लहान हॉटेलांची त्यासाठी तयारी नसते, आणि मग रात्री खोली नाकारली जाते. असा पाहुणा येणार आहे, हे आरक्षणाच्या वेळीच सांगावे.

खोली ताब्यात घेतल्यावर सामान उघडण्यापूर्वी गीझर, हीटर, खिडकीच्या कड्या आणि रजाया पाहून घ्याव्यात. खोली बदलून मागायची ती याच वेळी.

मुक्कामात

खिडकीची कडी नीट लागते का, हे पाहायचे ते चोरांपेक्षा माकडांसाठी. जाखू टेकडीवरची माकडे चश्मा हिसकावून खाऊच्या बदल्यातच तो परत करण्याबद्दल प्रसिद्ध आहेत, आणि त्यांचे भाऊबंद शहरभर आहेत. बाल्कनीत फळे, खाऊच्या पिशव्या किंवा वाळत घातलेले कपडे ठेवू नयेत, खोलीबाहेर पडताना खिडकी लावावी, आणि माकड समोर आलेच, तर त्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नये किंवा दात दाखवून हसू नये.

पाणी जपून वापरावे. शहराला लागणारे पाणी दूरच्या दरीतून पंपाने वर चढवावे लागते, आणि २०१८ च्या उन्हाळ्यात टंचाई इतकी वाढली होती की पर्यटकांनी येऊ नये, असे आवाहन स्थानिक रहिवासी समाजमाध्यमांवरून करत होते. मे-जूनमध्ये हॉटेलने बादली वापरण्याची विनंती केली, तर तिला सेवेतली उणीव समजू नये.

या उंचीवर पाणी साधारण ९३ अंशांनाच उकळते, त्यामुळे किटलीतला चहा थोडा अधिक वेळ मुरू द्यावा. त्याच किटलीत मुगाची खिचडी शिजवण्याचा आपल्याकडील मंडळींचा हट्ट मात्र सोडावा. डाळ शिजत नाही, किटली करपते आणि भरपाई बिलात येते. साधे वरण-भात हवे असल्यास स्वयंपाकघराला दुपारीच सांगून ठेवावे. एका तरी जेवणाला स्थानिक पदार्थ अवश्य मागावेत. आंबवलेल्या कणकेचा, सारण भरून वाफवलेला सिड्डू गरम असतानाच मधोमध फोडून त्यावर तूप ओततात, आणि तो गार झाला की त्याची चव निम्म्यावर येते. म्हणून तो खोलीत मागवण्यापेक्षा भोजनगृहात बसूनच खावा.

पहिल्या दिवशी पायऱ्या चढताना धाप लागणे स्वाभाविक आहे. सावकाश चालावे, पाणी पीत राहावे. हृदयविकार किंवा दमा असलेल्यांनी औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, आणि इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लक्कड बाजाराजवळ आहे, हे बरोबरच्या व्यक्तीलाही सांगून ठेवावे.

निघताना

बिल आदल्या रात्रीच मागून तपासावे, म्हणजे हीटर, पार्किंग आणि लहान मुलाच्या जादा गादीचे आकडे शांतपणे पाहता येतात. खोली सोडण्याची वेळ बहुधा सकाळी दहा ते बाराच्या दरम्यान असते. गाडी दुपारची असेल, तर सामान स्वागतकक्षापाशी पावती घेऊन ठेवावे आणि तेवढ्या वेळात मॉलवर एक फेरी मारावी. कुलीला यायची वेळ आदल्या दिवशीच सांगावी, कारण बर्फ पडलेल्या सकाळी सगळी हॉटेले एकाच वेळी कुली शोधत असतात. अशा सकाळी गाडी हॉटेलजवळ येईलच, असे धरून चालू नये, आणि कार्ट रोडपर्यंत पायी उतरण्यासाठी तासभर अधिक हाती ठेवावा. बुटाचे तळवे खाचांचे असावेत, कारण रात्री गोठलेला बर्फ सकाळी पायऱ्यांवर काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो.