रोपं शेतात लावण्याआधी: डीएनए तपासणीसाठी नमुना नीट घ्या

लागवड तोंडावर आली की हिरवीगार रोपं पाहून आपण निर्धास्त होतो. तिथेच फसगत होते. लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग या रोगाचा जिवाणू शिरल्यावर लक्षणं दिसायला कित्येक महिने जातात. म्हणून मातृवृक्ष (ज्या झाडांवरून कलमासाठी डोळे घेतात ती) आणि रोपं यांची तपासणी लागवडीआधीच करून घ्या.

त्यासाठी आता इलेक्ट्रोकेमिकल डीएनए सेन्सर विकसित होत आहेत. सोन्याच्या बारीक इलेक्ट्रोडवर रोगजंतूच्या डीएनएला जुळणारा एकेरी धागा बसवलेला असतो. नमुन्यात त्याचा जोडीदार असला की दोन्ही धागे जुळतात, विजेचा प्रवाह बदलतो आणि मीटर तो बदल मोजतो. रक्तातली साखर मोजणारं यंत्रही असाच प्रवाह मोजतं. डीएनए फार थोडा असेल, तर आधी ६० ते ६५ अंश सेल्सिअसला त्याच्या प्रती वाढवाव्या लागतात.

यंत्र कितीही चांगलं असो, पान चुकीचं दिलंत तर उत्तरही चुकीचंच येणार. ग्रीनिंगचा जिवाणू अन्नवाहिन्यांत राहतो आणि झाडभर सारखा पसरत नाही. त्यामुळे चारही बाजूंची पक्व पानं देठासकट घ्या, कारण देठ आणि मधली शीर हाच खरा नमुना. टोमॅटो-मिरचीच्या बोकड्यासाठी (पानं आकसवणारा विषाणूरोग) मात्र शेंड्याची कोवळी पानं हवीत. प्रत्येक झाडानंतर कात्री ब्लीचच्या द्रावणात बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. नुसतं स्पिरिट पुरत नाही. त्याने जंतू मरतो, पण डीएनए पात्यावर तसाच राहतो आणि पुढचं निरोगी झाडही रोगी ठरतं. ब्लीच पात्यावर राहिलं, तर नमुन्यातलाच डीएनए खराब होतो. ओली पानं टिपून कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हात मुळीच नको.

‘आढळला नाही’ या निकालाचा अर्थ एवढाच, की त्या पानात तो एक रोगजंतू सापडला नाही. पपईच्या रिंगस्पॉट रोगासारखे विषाणू डीएनएचे नसून आरएनएचे असतात. त्यांच्यासाठी आरएनएवरून डीएनए तयार करण्याची वेगळी पायरी लागते, ती होते का हे आधी विचारा. उपचारानंतर लगेच तपासलंत, तर मेलेल्या जंतूचा डीएनएही ‘आढळला’ असं दाखवू शकतो.

प्रत्येक वेळी एक खात्रीचा निरोगी आणि एक खात्रीचा रोगी नमुना सोबत तपासायला सांगा. आणि पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवून रोगजंतू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने, पडताळणी केल्याशिवाय वाढलेल्या झाडावर कुऱ्हाड उचलू नका.