कॅलिपर घालून चालताय? या चुका टाळा

मी डी-12 वाला, म्हणजे पाठीच्या बाराव्या मणक्याला मार लागून कंबरेखाली लुळा; बागेतल्या विहिरीत पडलो तेव्हापासून कॅलिपरवर, म्हणजे पाय सरळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्या-सळ्यांच्या आधारावर, अकरा वर्षं झाली. यावल-रावेरकडे कोणाला नवीन कॅलिपर मिळाला की मला फोन येतोच, "भाऊ, पंधरा दिवस झाले, अजून जमत नाही." अरे भो, केळीला घड यायला पण वर्ष लागतं!

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळं वजन हातांवर घेणं. कंबर मागे, मान खाली, खांदे पार कानाला टेकलेले, आणि मग दहा पावलांत दम. कंबर पुढे ढकला, छाती वर, खांदे जरासे मागे. मांडीच्या सांध्यापुढचं जाड लिगामेंट असं ताणलं की तेच धरून ठेवतं, हात फक्त तोल सांभाळतात. आरजीओ, म्हणजे दोन्ही पायांचे कॅलिपर कंबरेला जोडलेला प्रकार, असेल तर दोन्ही बाजूंचे कंबरेचे सांधे मागून केबलने नाहीतर पट्टीने जोडलेले असतात, एक पाय मागे गेला की दुसरा पुढे येतो, त्यामुळे वजन एका पायावर घ्यायचं, छाती काढायची, दुसरा आपोआप सुटतो, हाताने उचलून फेकायचा नाही. आणि दिवसभर खुर्चीत बसून मांडी आखडली असेल तर हे काहीच होत नाही. मी रोज दोनदा पालथा पडून मोबाईल बघतो, अर्धा-अर्धा तास. घरचे हसतात, हसू दे.

दुसरी चूक आठवली की अजून डोकं फिरतं. चोपड्याकडचा एक पोरगा, मे महिना, बाहेर भट्टी पेटलेली, नवीन कॅलिपर बघायला पाहुणे आले म्हणून पहिल्याच दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत घालून बसला, तेही नायलॉनच्या पँटीवर. पायाला संवेदना नाही तर कळणार कसं? रात्री घोट्यावर लाल चट्टा दिसला तर म्हणे पट्टा लागला असेल, दुसऱ्या दिवशी वरून कापूस कोंबून परत घातला. कापसाने दाब कमी नाही, वाढतो! जखम झाली, चार महिने पालथा. पहिल्या दिवशी फक्त अर्धा तास घालायचा, काढून आरसा धरून बघायचं, लाली अर्ध्या तासात गेली नाही तर घालायचं नाही, बनवणाऱ्याकडे जाऊन घासून घ्यायचं. आत कॉटनचा लांब मोजा, घाम आला की बदला.

बाकी किरकोळ. उठण्याआधी दोन्ही गुडघ्यांचे लॉक हाताने चाचपा, पँट अडकते त्यात. कॅलिपरच्या सांध्यात माती गेली की शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. हिवाळ्यात भरीत पार्ट्या झाल्या की वजन वाढतं, कॅलिपरचा मांडीभोवतीचा पट्टा (कफ) घट्ट होतो, तो सैल करून घ्या.

व्हीलचेअर विकू नका. कॅलिपरने चालायला खुर्चीपेक्षा कितीतरी जास्त दम लागतो, जळगावच्या बाजारात मी खुर्चीवरच जातो, त्यात लाज कसली.

आणि पडलात, पाय सुजला, गरम लागतोय पण दुखत नाही, तर शेक देत बसू नका. आपली हाडं ठिसूळ झालेली असतात, आधी एक्सरे काढा.