एकतीस श्रुतींच्या जुळणीत अनोळखी कॉर्ड बांधताना
सप्तकाचे ३१ समान भाग केले, की प्रत्येक पायरी सुमारे ३८.७ सेंटची होते (सेंट हे स्वरांतर मोजायचे एकक; पूर्ण सप्तक १२०० सेंटांचे). डच भौतिकशास्त्रज्ञ आड्रियान फोकर यांनी ऑर्गनसाठी हीच विभागणी निवडली होती. सिंथेसायझरवर ती लावून षड्जासोबत १० (गंधार), १८ (पंचम) आणि २५ (निषाद) या पायऱ्यांचे स्वर एकाच वेळी धरावेत; हीच आपली कॉर्ड, म्हणजे स्वरसमूह. पंचम किंचित उतरलेला वाटेल, पण तो सुधारायला जाऊ नये. खरी गंमत वरच्या स्वरात आहे: ९६७.७ सेंटांवरचा हा निषाद षड्जाच्या सातव्या स्वयंभू स्वराशी (मूळ स्वरातच आपोआप उमटणाऱ्या, त्याच्या सातपट कंपनसंख्येच्या स्वराशी) सप्तकांचा फरक सोडल्यास जवळजवळ मिळतो, त्यामुळे पियानोवरच्या कोमल निषादात जाणवणारी पुढच्या स्वराकडे जाण्याची ओढ त्यात उरत नाही. आता निषाद सोडून १० ऐवजी ९ वी पायरी घ्यावी. गंधार ना शुद्ध राहतो, ना कोमल. षड्ज-पंचम स्थिरावल्यावरच हा गंधार हलकेच मिसळावा.