अँग्युलर मोमेंटमचं गणित: आधी पॉईंट ठरवा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत क्लासला जाणाऱ्या पोरांच्या वह्यांत एक गोष्ट कायम दिसते, गणित वाचलं की लगेच सेंटर ऑफ मास (वस्तुमानाचा मध्य) धरून समीकरण मांडायला सुरुवात. भावांनो, तसं करू नका. कुठला फोर्स आपल्याला माहीत नाही ते आधी बघा आणि पॉईंट त्याच्याच लाईनवर घ्या, म्हणजे त्याचा टॉर्क (फिरवायचा जोर) झिरो, मग त्या पॉईंटभोवतीचा अँग्युलर मोमेंटम (फिरण्याचा संवेग) आधी जेवढा तेवढाच नंतर, विषय संपला.

बिजागरीला टांगलेल्या रॉडमध्ये गोळी रुतली तर पॉईंट बिजागरीवर. तिथला झटका किती ते माहीत नसतं, म्हणून लिनियर मोमेंटम (सरळ रेषेतला संवेग) तिथं टिकवायला जाऊच नका.

आता भरीव गोळा घ्या, न फिरता सेकंदाला ७ मीटरनं शहाबादी फरशीवर घसरत सोडलेला. घर्षण किती ते दिलेलंच नाही, पण ते फरशीलगतच लागतं, मग पॉईंट फरशीवरचाच, गोळ्याच्या वाटेवरचा एक ठिपका (वजन आणि नॉर्मल, म्हणजे फरशीचा वर ढकलणारा जोर, यांचे टॉर्क एकमेकांना कापतात). वस्तुमान आणि त्रिज्या कटल्यावर उरतं ७ = व्ही + २/५ व्ही (व्ही हा शेवटचा वेग, २/५ व्ही हा फिरण्याचा वाटा), म्हणजे नीट गडगडायला लागल्यावर वेग ५, फरशी गुळगुळीत असो की खरबरीत, जोवर थोडं तरी घर्षण आहे तोवर उत्तर तेच, मला तर हे लई भारी वाटतं!

फक्त तो ठिपका जागचा हलता कामा नये. गोळ्याच्या कडेवरचा कण धरला तर तो स्वतःच प्रवेगात असतो, समीकरणात जादा टर्म येते. हलणारा पॉईंट हवाच असेल तर सेंटर ऑफ मास घ्या. आणि गोळा सुरुवातीला उलटा फिरत असेल तर त्या सुरुवातीच्या फिरण्याच्या टर्मला मायनस लावा, मार्क तिथंच जातात.