मंद मोर्स पडद्यावर उमटत नाही? या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमच्या इंदूरच्या सुदामानगरची लाइट गेली. मी १३७ किलोहर्ट्झ, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचा लांब लहरींचा पट्टा, लावून अतिशय संथ मोर्स लॅपटॉपच्या पडद्यावर पाहत बसलो होतो, रिसीव्हर १२ व्होल्टच्या बॅटरीवर, लॅपटॉप स्वतःच्या. तोवर वॉटरफॉलवर (सिग्नल वेळेनुसार रेघांसारखे दाखवणाऱ्या चित्रावर) नुसता पिवळा चिखल होता. लाइट गेली आणि पडदा काळाभोर झाला. लाइट परतल्यावर घरातला एकेक प्लग काढत गेलो, तेव्हा मोठा गोंगाट वाय-फाय राउटरच्या अडॅप्टरचा निघाला. त्याआधी दोन महिने मी अँटेनाच बदलत होतो.

म्हणून पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच: घर शांत न करता रिसीव्हरवर संशय घेणं. एलईडी बल्ब, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, गच्चीवरच्या सोलरचा इन्व्हर्टर, हे सगळे या पट्ट्यात ओरडतात. सगळं बॅटरीवर ठेवा, घरातला इन्व्हर्टरही बंद करा आणि मेन स्विच पाडा. पडदा तेवढ्यानं साफ झाला तर दोष आपल्या घरात. तसाच राहिला तर शेजारी किंवा वायरिंगवरून येतोय. मग अँटेना घरापासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला न्या. मी १ मीटर बाजूची, १८-२० वेढ्यांची लूप (तारेची चौकोनी अँटेना) वापरतो. तिचा सुमारे १.३५ मिलिहेन्रीचा इंडक्टन्स आणि १००० पिकोफॅरडचा कपॅसिटर जुळले की ती १३७ किलोहर्ट्झला ट्यून होते. लूप फिरवून एखादा गोंगाट बराच दाबता येतो, हा तिचा मोठा फायदा.

लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर पडद्यावरच्या ५० हर्ट्झ अंतराच्या समांतर रेघा गेल्या, तर ग्राउंड लूप समजा, म्हणजे लॅपटॉप आणि रिसीव्हर यांच्या अर्थिंगमधून मेनचा करंट फिरतोय. ऑडिओच्या वायरीत १:१ चा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला.

दुसरी चूक कानांनी शोधण्याची. मिनिटाला १२ शब्दांच्या मोर्समध्ये डिट (टिंब) ०.१ सेकंदाचा असतो. अतिशय संथ मोर्सला क्यूआरएसएस म्हणतात आणि पुढचा आकडा डिटच्या सेकंदांचा असतो: क्यूआरएसएस ३ मध्ये तोच ३ सेकंदांचा होतो, क्यूआरएसएस ६० मध्ये ६० सेकंदांचा. हे डोळ्यांनी वाचायचं असतं. डिट जितका लांब तितका सिग्नल अरुंद पट्ट्यात मावतो आणि गोंगाटातून वर येतो. पण त्यासाठी सॉफ्टवेअरची खिडकी (एका वेळी तपासला जाणारा आवाजाचा तुकडा) डिटशी जुळायला हवी. सेकंदाला ११०२५ नमुने आणि ३२७६८ पॉइंटचा एफएफटी (आवाजाची फ्रिक्वेन्सींमध्ये फोड करणारा हिशोब) घेतला की खिडकी ३ सेकंदांची होते आणि बारकावा साधारण ०.३४ हर्ट्झ मिळतो. क्यूआरएसएस ३ ला हे अगदी योग्य. तीच सेटिंग क्यूआरएसएस ६० ला लावली तर सिग्नल गोंगाटात बुडतो. उलट खिडकी डिटपेक्षा फार लांब ठेवली की डिट एकमेकांत मिसळून नुसती रेघ दिसते.

रिसीव्हरची एजीसी (आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय) बंद करा. विजेचा प्रत्येक कडाका एजीसीला खाली ओढतो आणि तुमचा अशक्त सिग्नल त्याबरोबर जातो. लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमधलं नॉइज सप्रेशनही बंद. आवाजाची पातळी लाल रेघेला टेकू देऊ नका.

इंदूरकरांना एक वेगळी काळजी घ्यावी लागते. आकाशवाणी इंदूर आपण ६४८ किलोहर्ट्झवर ऐकत आलो. जवळचं इतकं ताकदवान केंद्र रिसीव्हरच्या पुढच्या टप्प्याला गुदमरवतं, मग १३७ आणि ४७२ किलोहर्ट्झच्या (हाही हौशी पट्टा) आसपास भलतेच सिग्नल भासतात. अँटेना आणि रिसीव्हर यांच्यामध्ये ५०० किलोहर्ट्झच्या वरचं अडवणारा लो-पास फिल्टर टाका.

लॅपटॉपला लावायच्या स्वस्त रेडिओ डोंगलला अपकन्व्हर्टर (कमी फ्रिक्वेन्सी वर नेणारी पेटी) जोडणाऱ्यांची रेघ तिरकी का जाते, हे हिशोबानं पटतं. १३७ किलोहर्ट्झवर दशलक्षातला १ भाग म्हणजे जेमतेम ०.१४ हर्ट्झ. पण अपकन्व्हर्टरचा ऑसिलेटर १२५ मेगाहर्ट्झचा असेल, तर त्याच चुकीचे १२५ हर्ट्झ होतात. डायरेक्ट सॅम्पलिंग, म्हणजे अपकन्व्हर्टरशिवाय सिग्नल थेट डोंगलमध्ये घेणं, वापरा. ते जमत नसेल तर सगळं तासभर गरम होऊ द्या आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर ठेवा.

रेघ दिसते पण अक्षरं लागत नाहीत? डीएफसीडब्ल्यू नावाच्या पद्धतीत डिट आणि डा (मोर्सची आडवी रेघ) सारख्याच लांबीचे असतात, फरक फक्त फ्रिक्वेन्सीचा. डा वर, डिट खाली. रिसीव्हर एलएसबीवर (लोअर साइडबँड) राहिला तर चित्र उलटं पडतं, डिटच्या जागी डा वाचला जातो. यूएसबी (अपर साइडबँड) करा.

आणि घाई. आपल्या देशाच्या कॉल साइनचा (रेडिओवरच्या ओळखनावाचा) प्रीफिक्स ‘व्हीयू’ घ्या: व्ही ९ डिटांचा, मधली जागा ३ डिटांची, यू ७ डिटांचा, एकूण १९. क्यूआरएसएस ३ वर ही दोन अक्षरं ५७ सेकंदांत येतात; क्यूआरएसएस ६० वर १९ मिनिटं लागतात. पाच मिनिटं पाहून ‘काही नाही’ म्हणून उठणाऱ्यानं पहिलं अक्षरसुद्धा पुरतं पाहिलेलं नसतं.

त्यात मे-जूनमध्ये माळव्यावर विजा कडाडत असताना आशा कमीच. थंडीच्या रात्री बसा. दर १० मिनिटांनी पडद्याचं चित्र आपोआप साठवायला लावा, त्यावर वेळ उमटू द्या आणि लॅपटॉपचा स्लीप मोड आधी बंद करा. डिसेंबरातली माझी एक अख्खी रात्र त्या स्लीप मोडपायी गेली. सकाळी पोहे खाताना उघडलं तर शेवटचं चित्र रात्री ११ वाजून ४० मिनिटांचं होतं.