पाखराच्या फेऱ्यांवरून घरटे कसे शोधावे

परिसराच्या नकाशावर २० बाय २० चौकोनांची जाळी आखा. एकूण ४०० चौकोन झाले, प्रत्येकात ०.००२५ लिहा, म्हणजे घरटे तिथे असण्याची शक्यता, सुरुवातीला सगळीकडे सारखी. उघड्यावर घरटे नसणार असे वाटले तर तिथला आकडा घटवा, पण शून्य करू नका. शून्याला कितीही गुणा, पुरावा समोर येऊनही ते शून्यच राहते.

चोचीत चारा घेऊन निघालेला पक्षी दिसला की तो कुठून निघाला आणि कोणत्या दिशेने गेला, ते टिपा. रिकाम्या चोचीचे सोडून द्या.

आता खरी मेख. ‘पक्षी ईशान्येला गेला, म्हणजे घरटे ईशान्येला’ असा सरळ हिशेब बहुतेक जण करतात. मीही केला आणि दोन आठवडे भलत्याच झुडपात डोके घातले. प्रश्न उलटा विचारायचा असतो: घरटे या चौकोनात असते, तर पक्षी नेमका याच दिशेने जाण्याची शक्यता किती? दिशांचे ३० अंशांचे १२ भाग करा. निघाल्या जागेवरून तो चौकोन ज्या भागात येतो, त्या भागाला ०.५, शेजारच्या दोन भागांना प्रत्येकी ०.१५ आणि उरलेल्या नऊ भागांत मिळून ०.२. हे आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. तुमचा पक्षी पाहून बदला, बेरीज मात्र १ ठेवा. ते ०.२ कापण्याचा मोह टाळा. माणूस जवळ असला की पक्षी मुद्दाम वाकडी वाट धरतो, भलत्याच फांदीवर बसून राहतो.

प्रत्येक चौकोनाचा आकडा या शक्यतेने गुणा, मग सगळ्यांना एकूण बेरजेने भागा. नवा पुरावा आला की शक्यता बदलायचा बेझचा नियम एवढाच आहे, स्प्रेडशीट पुरते.

एका फेरीचे दहा बिंदू टिपले म्हणून दहा पुरावे होत नाहीत! ती एकच फेरी, एकदाच गुणा. नाहीतर एका भरकटलेल्या फेरीवर नकाशा ‘९९ टक्के खात्री’ दाखवतो. या चुकीने मला सर्वांत जास्त पायपीट करायला लावली.

सर्वांत मोठ्या आकड्याच्या चौकोनात दुरूनच, दुर्बिणीने शोधा. सापडले नाही, तर तेही नोंदवा. चौकोनाची शक्यता ०.४ होती आणि असलेले घरटे दिसण्याची तुमची क्षमता ०.७, तर न सापडल्यावर उरते ०.१२ भागिले ०.७२, म्हणजे सुमारे ०.१७. बाकीच्या चौकोनांनाही ०.७२ ने भागा.

ही क्षमता फुगवू नका. २००९ मध्ये एअर फ्रान्सचे ४४७ क्रमांकाचे विमान अटलांटिकमध्ये कोसळले. ब्लॅक बॉक्सचे संकेत ऐकू आले नाहीत, म्हणून शेवटच्या ज्ञात स्थानाजवळचा भाग मागे पडला. संकेतयंत्रे बंद पडली असतील, असे धरून हिशेब पुन्हा मांडल्यावर तोच भाग वर आला आणि एप्रिल २०११ मध्ये अवशेष तिथेच सापडले. दाट झाडोऱ्यात मी ०.७ नव्हे, ०.३ धरतो, मग न सापडल्यावरही त्या ०.४ च्या चौकोनात ०.३२ शिल्लक राहते.